एकरंगी किरणाचे शुभ्र होणे

लेझरची ख्याती त्याच्या एकवर्णतेवर उभी आहे. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून जो पहिला लेझर-किरण बाहेर काढला, त्याची तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर होती. आणि त्यानंतर हेलियम-निऑनचा तांबडा, आरगॉनचा हिरवा-निळा, निओडिमियमचा अवरक्त, अशा एकेका रंगाची सनद घेऊन निरनिराळे लेझर विज्ञानाच्या सेवेत रुजू झाले. सूर्याचा किंवा तापलेल्या तारेचा प्रकाश नेमका याच्या उलट प्रवृत्तीचा आहे. त्यात सर्व वर्ण सुखाने नांदतात. परंतु प्रत्येक अणू आपापल्या मर्जीने, केव्हाही, कोणत्याही दिशेला तरंग सोडत असल्यामुळे त्या तरंगांत परस्परमेळ नसतो, आणि असा प्रकाश कितीही उत्तम भिंगाने एकवटला तरी मूळ उगमाच्या तेजापलीकडे त्याचे तेज वाढवता येत नाही. रंगांची समृद्धी हवी असेल तर शिस्तीवर पाणी सोडावे, शिस्त हवी असेल तर एका रंगावर समाधान मानावे, ही सक्तीची निवड प्रयोगशाळेत काम करणाऱ्यापुढे अनेक वर्षे होती. शास्त्रज्ञ ज्याला सुपरकंटिन्यूअम म्हणतात, त्या प्रकाशाने ही सक्ती उठवली. जांभळ्यापासून अवरक्तापर्यंत अखंड पसरलेला वर्णपट आणि तरीही लेझरसारखा एका बारीक शलाकेत बांधलेला किरण, हे दोन्ही गुण त्यात एकत्र आहेत. हे कसे घडते, आणि घडल्यावर त्याचा काय उपयोग होतो, हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. कारण माझ्या मते या प्रकरणातील खरे आश्चर्य रंगांच्या विस्तारात नसून, त्या विस्तारात टिकून राहिलेल्या शिस्तीत आहे.

प्रथम ते दिसते कसे, ते सांगतो. काळोख्या खोलीत, जमिनीची थरथर पोचू नये म्हणून हवेच्या उशांवर तोललेले पोलादी मेज असते. त्यावर टायटॅनियम-नीलम जातीचा एक लेझर असतो आणि त्यातून दृष्टीच्या हद्दीवर रेंगाळणारा, जेमतेम भासणारा काळपट तांबडा किरण निघतो. समोर एका बारीक खाचेत हातभर लांबीचा काचतंतू बसवलेला असतो, आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने तो किरण तंतूच्या तोंडावर रोखलेला असतो. तंतूचा गाभा एक-दोन मायक्रोमीटर रुंदीचा, त्यामुळे तोंड आणि किरण यांची गाठ घालून देणे हे श्वास रोखून करण्याचे काम आहे: तीन दिशांचे तीन स्क्रू केसाच्या शतांशाने फिरवीत राहायचे. नेम चुकलेला असताना दुसऱ्या टोकाला काहीच घडत नाही. नेम लागू लागताच तेथे तांबूस ठिपका उमटतो, मग नारिंगी, मग त्यात हिरवा मिसळतो, आणि एका क्षणी कागदावर डोळे दिपवणारे पांढरे वर्तुळ उभे राहते. खुद्द तंतूही कडेने प्रकाशू लागतो, आणि तेथे निरखून पाहिले तर आरंभीच्या भागात त्याची झाक तांबडी व पुढे हिरवट-पांढरी दिसते. म्हणजे रंगांचा जन्म कोणत्या ठिकाणी होतो हे डोळ्यांनी दाखवता येते. बाहेर पडलेल्या किरणापुढे जाळीदार काच धरली की भिंतीवर इंद्रधनुष्याचा पट्टा पसरतो. हे रंग आत शिरलेल्या किरणात नव्हते. ते काचेने दिलेले नाहीत, कारण काचेला स्वतःचा रंग नाही. मग ते आले कोठून?

या प्रश्नाचा आरंभ काचेविषयीच्या एका जुन्या गृहीतापाशी आहे. शाळेत आपण शिकतो की काचेचा अपवर्तनांक ठरलेला असतो. प्रकाश मंद असो वा प्रखर, काच आपल्या नियमाने त्याला वाकवते. वस्तुतः हे दुर्बल प्रकाशापुरतेच सत्य आहे. स्कॉटलंडचे जॉन केर यांनी १८७५ साली दाखवले होते की प्रबळ विद्युत्-क्षेत्रात काचेचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात. आणि प्रकाश स्वतःच विद्युत्-चुंबकीय तरंग असल्यामुळे, तो पुरेसा प्रखर असेल तर स्वतःच्या मार्गातील काच तो स्वतःच बदलतो. नित्याच्या दिव्यांच्या बाबतीत हा परिणाम मोजण्याच्याही पलीकडचा क्षुल्लक असतो, म्हणून लेझर येईपर्यंत तो दप्तरातच राहिला. लेझर आल्यावर लवकरच, १९६१ मध्ये, मिशिगन विद्यापीठातील पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाचा तांबडा किरण स्फटिकातून नेऊन त्याच्या दुप्पट वारंवारतेचा, ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला. त्याची खूण छायाचित्रात इतकी पुसट आली होती की नियतकालिकाच्या छपाईत ती धुळीचा डाग समजून काढून टाकण्यात आली, आणि बाण दाखवतो तेथे काहीच नाही अशा स्थितीत तो ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध झाला. पदार्थ हा प्रकाशाचा तटस्थ प्रेक्षक नाही, तो व्यवहारातील भागीदार आहे, याचा पहिला दाखला तो पुसलेला ठिपका होता.

अखंड वर्णपटाचा शोध १९७० सालचा. न्यूयॉर्कच्या बेसाइड भागातील जीटीई प्रयोगशाळेत रॉबर्ट अल्फानो आणि स्टॅन्ली शपीरो यांनी ५३० नॅनोमीटरचे हिरवे लेझर-स्पंद, प्रत्येकी काही पिकोसेकंदांचे व सुमारे पाच मिलिज्यूल ऊर्जेचे, बोरोसिलिकेट काचेच्या तुकड्यावर रोखले. पलीकडे हिरवा बाहेर येण्याऐवजी चारशेपासून सातशे नॅनोमीटरपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ संपूर्ण दृश्य वर्णपटाचा शुभ्र प्रकाश बाहेर आला. सहा वर्षांनी बेल प्रयोगशाळेत चिनलॉन लिन आणि रॉजर्स स्टोलेन यांनी तसाच विस्तार काचतंतूत घडवला. मात्र त्यांचा पट्टा त्या मानाने मर्यादित, सुमारे १८० नॅनोमीटरचा होता. काचेच्या ढेपेत मिळणाऱ्या प्रकाशाला प्रचंड ऊर्जा लागे आणि काच भाजून जाण्याचे भय असे. तंतूत ऊर्जा कमी पुरे, परंतु रंग पुरेसे पसरत नसत. हे कोडे पुढे चोवीस वर्षे पूर्णपणे सुटले नाही.

कोडे समजण्यासाठी स्पंदाच्या आत शिरले पाहिजे. प्रकाशाचा एक स्पंद शंभर फेम्टोसेकंद टिकतो असे धरू. इतक्या अवधीत प्रकाश काचेतून वीस मायक्रोमीटर जातो, म्हणजे संपूर्ण स्पंद लांबीने माणसाच्या केसाच्या जाडीहूनही आखूड असतो. या चिमुकल्या वस्तूच्या अग्रभागी तेज वाढत असते, मध्यावर शिखर असते, पार्श्वभागी ते ओसरते. तेज वाढेल तसा काचेचा अपवर्तनांक वाढतो आणि तेज ओसरेल तसा तो पूर्ववत होतो. त्यामुळे अग्रभागातील तरंग क्रमशः अधिकाधिक रेंगाळून ताणले जातात, म्हणजे तांबड्याकडे सरकतात, आणि पार्श्वभागातील तरंग दाटीवाटीने जवळ येऊन निळ्याकडे सरकतात. नवे रंग निर्माण होण्याची पहिली तजवीज ही अशी. अपवर्तनांकातला हा फरक दहा हजारांत एक अंशाच्या घरातला असतो, परंतु दहा सेंटिमीटर तंतू ओलांडेपर्यंत त्याचा जमाखर्च दहाबारा संपूर्ण तरंगांइतका होतो, आणि तेवढ्याने वर्णपट अनेक पटींनी रुंदावतो.

पण येथे दुसरी शक्ती आडवी येते. काचेत सर्व रंग सारख्या वेगाने चालत नाहीत. दृश्य प्रकाशात तांबडा पुढे जातो व निळा मागे पडतो. आषाढीच्या वाटेवर तरणे आणि म्हातारे एकाच दिंडीत निघाले म्हणजे मुक्कामापर्यंत दिंडी जशी कोसभर लांबते, तसाच हा स्पंद लांबतो. लांबला की तेज उतरते, आणि तेज उतरले की रंग निर्माण होणे थांबते. या लांबण्याला अपस्करण म्हणतात. साध्या सिलिका काचेत सुमारे १२७० नॅनोमीटरपाशी अपस्करण शून्य होते आणि त्यापलीकडे अवरक्तात उलटा क्रम लागतो: निळा पुढे, तांबडा मागे. हा उलटा क्रम स्पंदाला फार मानवतो. कारण केर-परिणामाने पार्श्वभागी जमलेला निळा आता धावत पुढे येतो, अग्रभागीचा तांबडा मागे रेलतो, आणि दोन विरुद्ध प्रवृत्ती एकमेकींना तोलून धरल्यामुळे स्पंद न फिसकटता मजल दरमजल जात राहतो. असा एकाकी, स्वतःला सावरून धरणारा तरंग १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने प्रथम पाहिला होता. घोड्यांनी ओढलेली नाव एकाएकी थांबली, तिच्यापुढचे पाणी उंचवट्याच्या रूपाने सुटून पुढे निघाले, आणि रसेल घोड्यावर बसून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग करीत गेला. तंतूतील प्रकाशाचे असे तरंग, ज्यांना सॉलिटॉन म्हणतात, १९७३ मध्ये बेल प्रयोगशाळेत अकिरा हासेगावा व फ्रेडरिक टॅपर्ट यांनी गणिताने वर्तवले आणि १९८० मध्ये तेथेच प्रत्यक्ष दिसले.

अडचण एवढीच होती की उत्तम लघुस्पंदी लेझर चालतात ८०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि काचेचा अनुकूल अंमल सुरू होतो १२७० च्या पुढे. निसर्गाने घालून दिलेली ही हद्द मागे सरकवण्याचे काम ब्रिटनमधील फिलिप रसेल यांच्या कल्पनेने झाले. १९९१ पासून त्यांच्या मनात घोळत असलेला तंतू १९९६ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात त्यांनी जोनाथन नाइट, टिम बर्क्स प्रभृती सहकाऱ्यांसह जगापुढे आणला, आणि पुढचे बरेचसे काम बाथ येथे झाले. या तंतूची घडण पाहण्यासारखी आहे. मिलिमीटरभर जाडीच्या शेकडो पोकळ काचनळ्या हातांनी षट्कोनी रचनेत एकावर एक रचतात; मध्यभागी एका नळीच्या जागी भरीव कांडी ठेवतात; तो सबंध जुडगा एका मोठ्या नळीत कसून बसवतात आणि मनोऱ्याच्या माथ्यावरील भट्टीत दोन हजार अंश सेल्सिअसच्या जवळपास मऊ करून खाली ओढतात. पहिल्या ओढीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरची काठी तयार होते, आणि दुसऱ्या ओढीत केसासारखा तंतू. नळ्यांची मूळ रचना मात्र त्यात जशीच्या तशी, हजारो पट आकुंचित होऊन, अभंग राहते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या छिद्रांनी वेढलेल्या त्या चिमुकल्या गाभ्यात प्रकाश असा आवळला जातो की अपस्करणाचा शून्यबिंदू रचनाकाराच्या इच्छेप्रमाणे दृश्य प्रकाशाच्या सीमेपर्यंत खेचून आणता येतो. मला हे मानवी हस्तकौशल्याचे मोठे दर्शन वाटते: काचेचे रसायन न बदलता, केवळ तिच्यातील पोकळ्यांचा बंदोबस्त करून पदार्थाचा स्वभाव बदलणे.

असा तंतू हाती येताच बेल प्रयोगशाळेतील जिनेंद्र रांका, रॉबर्ट विंडेलर आणि अँड्र्यू स्टेंझ यांनी तो प्रयोग केला, ज्याचा निबंध २००० सालच्या आरंभी प्रसिद्ध झाला. पाऊण मीटर तंतू, गाभा सुमारे १.७ मायक्रोमीटरचा, स्पंद शंभर फेम्टोसेकंदांचे आणि ऊर्जा प्रत्येकी अवघी आठशे पिकोज्यूल, म्हणजे अल्फानो-शपीरो यांच्या स्पंदाच्या साठ लाखांत एक भाग. आणि निष्पत्ती ४०० पासून १५०० नॅनोमीटरपर्यंतचा अखंड वर्णपट. अशा लेझरातून सेकंदाला साधारण आठ कोटी स्पंद निघतात, तरी सरासरी शक्ती शंभर मिलिवॉटच्या आतच राहते. परंतु प्रत्येक स्पंदाच्या शिखरावर आठ किलोवॉट शक्ती त्या सूक्ष्म गाभ्यात कोंडलेली असते, आणि तेथील तेज भर दुपारच्या उन्हाच्या लक्षावधी कोटी पटींत जाते. आत जे घडते ते असे: बलवान स्पंद प्रथम आणखी आखूड होतो, मग एका सॉलिटॉनचे अनेक सॉलिटॉन फुटतात, प्रत्येक सॉलिटॉन आपली काही ऊर्जा काचेच्या रेणूंच्या स्पंदनांना देत क्रमशः तांबड्याकडे सरकत जातो, आणि हे सरकणे त्याच परिणामामुळे होते, जो चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात जाहीर केला. शिवाय प्रत्येक सॉलिटॉन अनुरूप वेगाचा एक निळा तरंग बाहेर टाकतो. दोन्ही टोके अशी दूर जात असता मधल्या जागा इतर परिणामांनी भरून निघतात.

आता ज्या गोष्टीला मी या प्रकरणाचे मर्म समजतो, तिच्याकडे येतो. इतक्या फाटाफुटीतून, इतक्या उलथापालथीतून निघालेल्या प्रकाशात मूळ लेझरची शिस्त उरली असेल, असे अनेकांना वाटत नव्हते. फेब्रुवारी १९९७ मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथील मॅक्स प्लांक क्वांटम प्रकाशिकी संस्थेचे थिओडोर हेन्श इटलीत फ्लॉरेन्सच्या प्रयोगशाळेत गेले होते, तेव्हा त्यांनी व मार्को बेल्लिनी यांनी एक साधी पण अचूक कसोटी लावली. एकाच लेझर-किरणाचे दोन भाग करून ते स्फटिकाच्या पातळ चकतीवर दोन वेगळ्या ठिकाणी रोखले. दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे पांढरा प्रकाश उपजला. हे दोन शुभ्र किरण परस्परांवर पाडले, तेव्हा सर्व रंगांत स्थिर, स्पष्ट व्यतिकरण-पट्टे दिसले. दोन दिव्यांच्या प्रकाशात असे कधी दिसत नाही. याचा अर्थ असा की पांढऱ्या प्रकाशातील प्रत्येक रंग मूळ स्पंदाशी काटेकोरपणे बांधलेला होता. गोंधळ दिसत होता, पण गोंधळाची प्रत्येक आवृत्ती तंतोतंत सारखी होती.

या निश्चितीतून प्रकाशमापनाचे युग पालटले. सारख्या अंतराने स्पंद सोडणाऱ्या लेझरचा वर्णपट बारकाईने पाहिला तर तो सलग नसून, समान अंतरावरील लक्षावधी रेषांचा, फणीच्या दातांसारखा असतो. दातांमधले अंतर म्हणजे सेकंदातील स्पंदांची संख्या, आणि ती सिझियमच्या घड्याळावरून मोजता येते. परंतु सबंध फणी शून्यापासून किती सरकलेली आहे हे कळत नाही तोवर एकाही दाताची वारंवारता सांगता येत नाही. वर्णपट एका सप्तकाइतका रुंद असेल, म्हणजे निळ्या टोकाची वारंवारता तांबड्या टोकाच्या दुप्पट असेल, तर तांबड्या दाताची वारंवारता स्फटिकात दुप्पट करून निळ्या दाताशी ताडून पाहता येते, आणि दोहोंतील फरक हाच तो अज्ञात आकडा असतो. लेझरपाशी स्वतःचे एवढे सप्तक नव्हते. छिद्रांच्या तंतूने ते पुरवले. २००० साली बाथच्या तंतूवर गार्शिंगमध्ये, आणि बेलच्या तंतूवर कोलोरॅडोतील बोल्डर येथे जॉन हॉल यांच्या संस्थेत हे काम सिद्धीस गेले. यापूर्वी १९९६ मध्ये जर्मनीतील ब्राउन्श्वाइग येथे सिझियमपासून कॅल्शियमच्या तांबड्या रेषेपर्यंत पोचण्यासाठी लेझर व सूक्ष्मतरंग-यंत्रांची खोल्या व्यापणारी साखळी उभारावी लागली होती. आता तेच काम एका मेजावर होऊ लागले. हेन्श व हॉल यांना २००५ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला, आणि दुसरा अर्धा रॉय ग्लॉबर यांच्याकडे गेला.

शिस्त न लागणारेही उपयोग पुष्कळ आहेत आणि ते कमी मोलाचे नाहीत. पेशींचे निरीक्षण करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला निरनिराळ्या रंजकद्रव्यांसाठी निरनिराळे लेझर पूर्वी जोडावे लागत. आता एकाच शुभ्र लेझरमधून ४७० ते ६७० नॅनोमीटरमधला हवा तो रंग निवडता येतो. ऊतींच्या थरांचे प्रकाशाने छेदचित्र काढण्याच्या पद्धतीत वर्णपट जितका रुंद तितकी खोलीतली बारकाई अधिक. २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तंतूतील शुभ्र प्रकाशाने अडीच मायक्रोमीटरपर्यंतची बारकाई साधली गेली. नेत्रचिकित्सालयात आज जे छेदचित्र काढतात त्याला अजून साधे अर्धवाहक उगमच पुरतात, हेही सांगितले पाहिजे. मिथेनसारख्या वायूंचे ठसे ३.३ मायक्रोमीटरच्या आसपास असतात. सिलिका तेथे अपारदर्शक होत जाते, म्हणून फ्लोराइड व गंधकादी मूलद्रव्यांच्या चाल्कोजेनाइड काचांचे तंतू लागतात, आणि २०१४ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी अशा तंतूत १.४ पासून १३.३ मायक्रोमीटरपर्यंतचा पट्टा मिळवला.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर, आदित्य धर्माधिकारी प्रभृतींनी या विषयावर जे काम केले, त्याची दिशा वेगळी आणि माझ्या दृष्टीने आकर्षक आहे. त्यांनी तंतू न घेता बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकात फेम्टोसेकंद स्पंद सोडून पांढऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास केला. आणि पुढे पाण्यात लाळेतील प्रथिन मिसळले असता पाण्यात उपजणारा पांढरा प्रकाश दबतो, असेही दाखवले. रंगांची निर्मिती हीच जर पदार्थाच्या स्वभावाची साक्ष असेल, तर ती निर्मिती मंदावणे हेही साक्षीदाराचे निवेदन ठरते.

पण ही शिस्त बिनशर्त नाही. स्पंद लांब, म्हणजे पिकोसेकंद किंवा नॅनोसेकंदांचा असेल, तर विस्ताराचा आरंभ स्पंदाच्या आकारातून न होता पार्श्वभूमीतील यादृच्छिक कंपनांतून होतो. मग प्रत्येक स्पंदाचा वर्णपट निराळा, आणि सरासरीत मात्र सर्व सुरळीत. बाजारात मिळणारे बहुतेक टिकाऊ उगम या जातीचे आहेत. त्यांनी पेशी उत्तम उजळतात, परंतु वारंवारतेची फणी त्यांतून मिळत नाही. २००७ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅनियल सोली, क्लाउस रोपर्स व बहराम जलाली यांनी एकेक स्पंद स्वतंत्र मोजून दाखवले की बहुतेक स्पंद सामान्य असताना क्वचित एखादा अकस्मात प्रचंड तेजाने उसळतो, महासागरात जहाजे गिळणाऱ्या एकाकी लाटांसारखे त्याचे संख्याशास्त्र असते. उलटपक्षी, ज्यांच्यात सर्व तरंगलांबींवर अपस्करण सरळच राहते असे तंतू वापरले तर विस्तार थोडा कमी पडतो, पण शिस्त पूर्ण राहते. म्हणून खरेदी करणाऱ्याने ‘किती रुंद’ एवढेच विचारू नये. ‘दर स्पंदागणिक किती सारखा’ हे आधी विचारावे. आणि या प्रकाशाजवळ वावरताना दक्षतेची वेगळीच अडचण असते: एका रंगाच्या लेझरसाठी तो एक रंग अडवणारा चष्मा मिळतो, पण सर्व रंग अडवणारा चष्मा घातला तर घालणाऱ्यालाच काही दिसणार नाही, म्हणून किरण झाकलेल्या मार्गानेच न्यावा लागतो.

सर्वात कठोर परीक्षा खगोलशास्त्राने घेतली आहे. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला सुमारे नऊ सेंटिमीटर गतीने हेलकावतो. दूरच्या सूर्यसदृश ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह शोधायचा तर ताऱ्याच्या वर्णरेषांतील तेवढे सरकणे वर्षानुवर्षे ओळखता आले पाहिजे, आणि त्यासाठी वर्णपटमापकाला न ढळणारी तुलना लागते. चिलीतील ला सिला वेधशाळेत हार्प्स या उपकरणावर शुभ्र लेझरची फणी बसवून २०१२ मध्ये सेकंदाला अडीच सेंटिमीटरपर्यंतची स्थिरता नोंदवली गेली. फणीचे दात उपकरणाला वेगळे दिसावेत म्हणून मधले बहुतेक दात गाळून उरलेले पुन्हा तंतूत पसरवावे लागतात, आणि नाजूक तंतू त्या तेजाने हळूहळू झिजतो. शिवाय निळ्या टोकाला, जेथे ताऱ्यांच्या रेषा सर्वात दाट असतात, तेथेच फणी लवकर विरळ होते. म्हणून वेधशाळांत थोरियम-आरगॉनचा जुना दिवा अद्याप लेझरच्या शेजारी रोज पेटवला जातो, आणि तंतू घडवणारे संशोधक त्या निळ्या टोकासाठीच छिद्रांच्या नव्या रचना ओढून पाहत आहेत.